सातवी गाठ

पोचक्का आली तर तिला पाणी द्यायचं नाही, असं मी वॉचमनला सकाळीच बजावून ठेवलं होतं. चिंचोळी एमआयडीसीत, एप्रिलच्या उन्हात, सत्तरीच्या बाईला पाणी देऊ नकोस म्हणणारा माणूस कसला असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. वाटू दे. ज्यानं तिच्याशी एकदा तरी बोलणी केली आहेत, तो मला नावं ठेवणार नाही.

पोचक्का कुठल्याही साहेबाच्या केबिनमध्ये शिरली की पहिल्यांदा पाणी मागायची. नमस्कार नाही, मागणी नाही, नुसतं "पाणी द्या की." साहेब कितीही तापलेला असला तरी पाणी मागणाऱ्या बाईला नाही म्हणता येत नाही. शिपाई पाणी आणायचा. ती तांब्या उंच धरून सावकाश प्यायची, पदरानं तोंड पुसायची, तांब्या स्वतः नेऊन जागेवर ठेवायची आणि मग बसायची. ज्यानं आपल्याला पाणी दिलं तो पुढची दहा मिनिटं तरी आपल्याला हाकलत नाही, आणि दहा मिनिटं पुष्कळ झाली, असं तिचं म्हणणं. गेली वीस वर्षं मी मुंबईच्या आणि सुरतेच्या व्यापाऱ्यांकडे टॉवेलचा भाव ठरवायला जातो तेव्हा आधी पाणी मागतो. हे कुणाकडून शिकलो ते मी घरातही सांगितलेलं नाही, कारण जिच्याकडून शिकलो तिच्यावर माझा राग होता. साधासुधा नाही. सोलापुरात माझं नाव खराब झालं ते तिच्यामुळं, असं मी बावीस वर्षं धरून चाललो होतो.

पोचक्का विडी कामगार होती. तिच्या सासरची माणसं मागावर कापड विणायला तेलंगणातून सोलापूरच्या पूर्व भागात आली आणि तिथलीच झाली. नवरा मागावर खोकून खोकून लवकर गेला. मूलबाळ नाही. सात वर्षांची असल्यापासून तिच्या मांडीवर सूप होतं. सुपात भिजवून कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याची गुंडी. बोलताना, भांडताना, शेजारणीच्या लेकराला दटावताना तिची बोटं विड्या वळत असायची. युनियनच्या लेटरहेडवर तिचं नाव कधीच नव्हतं. तिथं नावं होती ती इस्त्रीच्या कपड्यातल्या, भाषणं करणाऱ्या पुढाऱ्यांची. पण तिच्या विडी कारखान्याच्या शाखेतल्या चारशे बायका काम बंद करायच्या त्या भाषण ऐकून नाही. पोचक्कानं आपलं सूप उपडं घातलं, की शेजारणीचं उपडं, तिच्या शेजारणीचं उपडं, असं करत तासाभरात पाच गल्ल्यांतली सुपं उपडी व्हायची.

घरची भाषा तेलुगू. मराठी ती सोलापुरी बोलायची, भराभर. पण विडीला ती कायम बिडी म्हणायची आणि तिच्या मराठीत बिडी पुल्लिंगी होता. "हा बिडी चांगला हाय." छाट, गाठ, भाकरी, सगळे बापे. कुणी हसलं तर म्हणायची, "काम बाईच करते की. नाव तरी बाप्याचं ऱ्हाऊ दे."

मी मूळचा मंद्रूपचा. शाळेत डोकं चाललं नाही, शेतात मन लागलं नाही. मामाच्या ओळखीनं त्या विडी कारखान्याच्या शाखेत चेकर म्हणून चिकटलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. काम असं. बायका रांगेनं आपापल्या विड्या घेऊन यायच्या. मी ओट्यावर बसलेला. मुठीत धरून वजन अंदाजायचं, अंगठ्यानं दाबायचं, सैल विडी, फाटक्या पानाची विडी, तोंड नीट न मुडपलेली विडी बाजूला काढायची. त्याला छाट म्हणत. छाटलेली विडी बाईच्या कामात धरली जायची नाही. ती माझ्या ओट्याखालच्या लाकडी खोक्यात जायची. बाईला तेवढ्या विड्या पदरच्या पानांनी भरून द्याव्या लागायच्या. माझी बोटं चांगली होती. महिन्याभरात मी डोळे मिटून सांगायला लागलो की ही विडी पोकळ आहे. त्याचा मला माजही होता.

तो पोचक्कानं उतरवला. एक दिवस मी तिच्या आठ विड्या छाटल्या. ती दोरा पडला म्हणून वाकली आणि खोक्यातून त्याच आठ विड्या उचलून पदरात टाकून गेली, हे मला कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी तिचा माल मी तपासला, सगळा पास केला. तेव्हा तिनं रांगेसमोर आठ विड्या वेचून माझ्यापुढं ठेवल्या. त्यांच्या दोऱ्याला तिनं घरी हळदीचं बोट लावलं होतं.

"काल खोटा, आज खरा," ती म्हणाली. "रातीत काय झालं रे चेकर?"

सगळी रांग हसली. माझ्या डोक्यात सणक गेली. मी उठलो आणि तिचं सूप उधळून दिलं. पानं, तंबाखू, सगळं फरशीवर. हसणं बंद झालं. पोचक्का खाली बसली आणि तंबाखू चिमटीचिमटीनं गोळा करू लागली. ती वर न बघता म्हणाली, "तुला राग आला. म्हंजे तुला पटलं." गोळा करून झाल्यावर उठताना मात्र एक शहाणपण माझ्या पदरात घालून गेली. म्हणाली की समोरच्याला राग आला की तो आपल्या पोटातला भाव सांगून टाकतो, म्हणून ती कधी रागावत नाही. मी आजही रागावतो. पण रागावल्यावर तोंडातून आकडा जाऊ देत नाही.

त्या दिवसापासून ती मला नावानं न बोलावता चेकर म्हणायची. माझं नाव तिला ठाऊकच नसावं, असं मी समजून होतो.

त्याच वर्षी दिवाळीनंतर कारखान्यात मागण्या निघाल्या. सहा मागण्या. पाच नेहमीच्याच होत्या. पानं ओली द्या, तंबाखू तोलून द्या, रांगेवर सावलीला पत्रा घाला, अशा. सहावी पोचक्काची होती आणि ती ऐकून युनियनच्या पुढाऱ्यांनाही हसू आलं होतं. छाटलेली विडी त्या बाईच्या समोर मोडायची. एवढंच. नवा पैसा मागितलेला नाही. मॅनेजरचा मात्र चेहरा उतरला. तुम्हाला काय करायचंय त्या विडीशी, असं त्यानं विचारलं म्हणतात. तर पोचक्का म्हणाली, "खोटा हाय म्हन्ता की. मग अख्खा कशाला ठेवता?"

इथं मॅनेजर अडकला, कारण खोका कुठं जातो हे बाहेर यायला लागलं होतं. छाटलेल्या विड्या बिनकागदाच्या बांधून आसपासच्या आठवडा बाजारांत विकल्या जात होत्या. बायकांनी वळलेल्या, त्यांच्या कामात न धरलेल्या. ओरड झाली तेव्हा मॅनेजरनं फार सोपं केलं. बोलणी सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी त्यानं जाहीर केलं की चोर सापडला, चेकर आहे, त्याला काढला. चोर गेला, आता मोडण्याबिडण्याची गरज उरली नाही.

मी चोर नव्हतो. खोका मी भरायचो, न्यायचा दुसराच माणूस. पण सांगणार कुणाला?

तिसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. मी दाराशी उभा. मॅनेजर टेबलामागं, पुढारी दोन खुर्च्यांवर, पोचक्का खाली फरशीवर. खुर्चीवर बसलं की सूप मांडीवर नीट राहत नाही म्हणून ती नेहमी खालीच बसायची. बोलणी चालू असली तरी विड्या चालूच, कारण बोलण्यात दिवस गेला तर त्या दिवसाच्या विड्या कोण वळणार? तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मागण्या विसरू नयेत म्हणून ती विडीचाच दोरा घ्यायची, मागणीमागे एक गाठ मारायची आणि तो डाव्या मनगटाला गुंडाळायची. मागणी कबूल झाली की तिथल्या तिथं नखानं गाठ सोडायची. पुढारी कागद बघायचे, ती मनगट बघायची.

मी उभ्या उभ्या तिच्या गाठी मोजल्या. चेकरला मोजायची खोडच असते. सात होत्या. मागण्या तर सहा. म्हातारी एक गाठ चुकून जास्त मारून बसली, असं वाटून त्या अवस्थेतही मला बरं वाटलं होतं.

मॅनेजरनं माझ्याकडं बोट केलं आणि तिला विचारलं, "हाच ना तुमचा चोर?"

पोचक्काची बोटं थांबली. मी तिच्याकडं बघत राहिलो. ती बोलेल असं मला वाटत होतं. जिनं हळदीच्या बोटानं मला खोटं पाडलं तिला माझे हात ठाऊक होते. माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. एक शब्द पुरला असता. ती बोलली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. सुपातल्या विड्या पदरात घेतल्या आणि सूप फरशीवर उपडं घातलं. मला बाहेर जायला सांगण्यात आलं.

संध्याकाळपर्यंत पाच गल्ल्यांतली सुपं उपडी झाली. दोन दिवस आमच्या शाखेत एक विडी आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पोचक्का कारखान्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली आणि बायकांना सांगितलं की सहाच्या सहा मिळाल्या. बायकांनी गुलाल उधळला. रस्त्याच्या पलीकडं सायकल धरून मी उभा होतो. पायरीवर उभं राहून मिळालं तेवढंच सांगायचं, अशी तिची पद्धत. राहिलं काय, हे ती कधी बोलायची नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणायची, "मिळालं ते तुमी खावा. ऱ्हायलं ते मी राखते."

चार दिवसांनी मी तिच्या घरी गेलो. भांडायलाच गेलो होतो. दोन खोल्या, दारात तुळस नाही पण शेवग्याचं झाड होतं. तिनं मला पाणी दिलं. पाणी हातात असताना माणसाला ओरडता येत नाही, हे तेव्हा मला कळलं. तांब्या खाली ठेवला आणि मग ओरडलो. मला चोर म्हणतात, तुम्हाला माहीत आहे मी चोर नाही, चारचौघांत एकदा सांगा, एवढंच माझं मागणं. ती विड्या वळत ऐकून घेत होती. मग तिनं एकच विचारलं.

"खोका कुटं जातो, तुला ठाव हुतं का?"

मी नाही म्हणालो.

हे पूर्ण खरं नव्हतं. दर शनिवारी मॅनेजरच्या मेहुण्याचा टेम्पो मागच्या दाराला लागतो, हे मी पाहिलेलं होतं. त्यात काय जातं हे मी विचारलं नव्हतं. विचारलं नाही म्हणजे ठाऊक नाही, असा माझा सरळ हिशेब. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली की टॉवेलच्या बाजारात जा, तुझा हात चांगला आहे, खोटा माल ओळखणाऱ्याला तिथं किंमत आहे. चोर नाही असं ती काही म्हणाली नाही. मी तिचा चहा न पिता उठलो.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. मंद्रूपच्या बाजारात मला ओळखीची माणसं विचारायची, बिड्या इकायला आणल्यास काय रं? एक ठरत आलेलं लग्न मोडलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तिच्या दिरानं मांडवात सगळ्यांसमोर मला विडी पुढं केली आणि म्हणाला, बघा जरा, खरी का खोटी. मी त्याच्या मुस्काटात मारली. तो विषय आमच्या पाहुण्यांत आजही निघतो. टॉवेलच्या बाजारात मात्र मी गेलो. तिनं सांगितलं म्हणून नव्हे, दुसरीकडं कुणी उभं करत नव्हतं म्हणून. आधी फूटपाथवर डागी टॉवेल विकले, मग चांगले, मग दोन शिलाई मशीन घेतली. आज चिंचोळीत माझं शेड आहे. मागावरून आलेल्या कापडाचे टॉवेल कापायचे, कडा मुडपून शिवायच्या, गठ्ठे बांधायचे. तीस बायका कामाला आहेत. कुणाच्या मेहरबानीनं मी इथवर आलेलो नाही, हे मी सगळ्यांना ऐकवतो. सगळे ऐकून घेतात.

मार्चच्या शेवटी मला हॉटेलांची मोठी ऑर्डर मिळाली. एवढी मोठी पहिल्यांदाच. आठ दिवसांत माल गाडीत चढला नाही तर ऑर्डर जाणार आणि पुन्हा दारात उभं करणार नाहीत. त्यातले पाच दिवस उरले असताना बायका मशीनवरून उठल्या आणि अंगणात जाऊन बसल्या. कारण सांगितलं, छाट. छाट हा शब्द माझ्या शेडमध्ये मी कधी वापरला नव्हता. आम्ही सेकंड म्हणतो. कड वाकडी शिवली की तो टॉवेल त्या बाईच्या कामात धरायचा नाही, तो तपासणीच्या टेबलाखालच्या खोक्यात टाकायचा. खोक्यातले टॉवेल मी डागी माल म्हणून बाजारात देतो. सगळेच देतात. यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलंच नाही. काम सुरू केलं तेव्हा तपासणी कशी लावायची, असा प्रश्नही पडला नव्हता. मला एकच पद्धत ठाऊक होती, ती मी लावली. टेबल, त्याच्याखाली खोका.

बायकांतली एक पूर्व भागातली होती. ती म्हणाली, आम्ही अक्काला बोलावलंय.

मला बाकी कशाची भीती वाटली नाही. ऑर्डरची वाटली, पण त्याहून जास्त वाटली ती ह्याची, की ती अंगणात उभी राहून सांगेल, हा तुमचा शेठ म्हणजे विडी कारखान्यातून काढलेला चेकर. तीस बायका. तीस घरं. पुन्हा तेच सुरू. म्हणून पाणी द्यायचं नाही. पाणी नाही मिळालं तर बसणार नाही, बसली नाही तर बोलणार नाही.

मी केबिनच्या खिडकीतून पाहिलं. शेअर रिक्षातून ती उतरली. वाळून काडी झाली होती. सूप नव्हतं. फाटकाशी थांबून वॉचमनला काही बोलली आणि वॉचमन स्वतःची बाटली घेऊन धावत आला. नंतर मी त्याला झापलं तर म्हणतो, साहेब, मी सांगोल्याचा हाय, आमच्याकडं पाण्याला न्हाय म्हनायची रीत न्हाय.

ती अंगणात बायकांच्या मधे बसली. मला खुर्ची आणायला लावली आणि स्वतः खालीच. छातीमुळं डॉक्टरनं तंबाखूला हात लावू नको म्हटलंय, असं कुणाला तरी सांगत होती. पण बोटं रिकामी नव्हती. समोरच्या गठ्ठ्यातला एक टॉवेल मांडीवर घेऊन ती त्याचे सुटे धागे काढत बसली. मी ठरवल्याप्रमाणे आधीच चढ्या आवाजात सुरू केलं. ऑर्डर, मुदत, माझं नुकसान, ह्यांची पोटं कुणामुळं भरतात, सगळं बोललो. तिनं मधे तोंड घातलं नाही. मी थांबल्यावर म्हणाली, "एकच हाय. छाटलेला टॉवेल तिच्यासमोर फाडायचा."

मी म्हणालो, फाडायचा म्हणजे? तो माल आहे.

"खोटा हाय म्हन्तोस की."

बायका तेव्हा अजून हसत नव्हत्या. एकीनं विचारलं, अक्का, तुम्ही दादांना वळखता व्हय? आणि पोचक्काची बोटं थांबली. बावीस वर्षांपूर्वी थांबली होती तशीच. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"व्हय की," ती म्हणाली. "चेकर हुता आमचा. लई चांगला हात. त्याला चोर म्हनले, तो चोर न्हाई. चोर म्यानेजरच्या घरचाच हुता." मग टॉवेल मांडीवर पालथा घातला. "खोका कुटं जातो, ते ह्यानं तवा इचारलं न्हाई. तेवढा चूक त्याचा. तुमी आज इचारलं. बरं केलं."

कुणीतरी माझ्या हातात कात्री दिली आणि खोका मधे आणून ओतला. वरचाच टॉवेल मी उचलला. कड दोन बोटं तिरकी गेली होती. कात्री लावली आणि हात पुढं जाईना. चांगला टॉवेल होता. सुरतेचा व्यापारी त्याला नाही म्हणाला नसता, मीच म्हणू दिलं नसतं. मी तो पास केला. दुसरा पास केला. बायका आता हसायला लागल्या होत्या, आणि का कोण जाणे, मला राग येत नव्हता. पूर्ण खोक्यातले चार टॉवेल मी फाडले. ते चार खरंच खोटे होते आणि शिवणाऱ्या बायकांनीही मान हलवली. उरलेले सगळे त्यांच्या त्यांच्या कामात धरायला सांगितले. दुपारच्या जेवणानंतर मशीनं सुरू झाली. त्यांचा आवाज ऐकला तेव्हा आपण सकाळपासून खांदे आवळून बसलो होतो, हे लक्षात आलं.

जाण्याआधी ती शेडच्या सावलीला भाकरी खात होती. कडक भाकरी, शेंगाची चटणी, बायकांनीच डब्यातून दिलेली. मी शेजारी जाऊन बसलो. एवढी वर्षं पोटात धरलेलं विचारून टाकलं. आज बोललात ते तेव्हा का बोलला नाहीत?

तिनं डावा हात पुढं केला. मनगटावर काळा पडलेला, मळून तेलकट झालेला दोरा होता. मी तो देवाचा समजलो होतो. त्याला एकच गाठ होती.

"हा गाठ तुझा हाय," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. सावकाश, भाकरी मोडत. मॅनेजरनं मला काढल्याचं जाहीर केलं, त्याच संध्याकाळी तिनं घरी सातवी गाठ मारली होती. म्हादेव, मंद्रूपवाला, ह्याला कामावर परत घ्या. माझं नाव तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मॅनेजरनं हाच ना चोर, असं विचारलं तेव्हा ती माझ्यासमोर बोलली नाही, कारण नुसतं न्हाई म्हटलं तर तो तिथंच विषय संपवेल, आधी सूप उपडं घालून काम बंद पाडायचं आणि मगच मागणी मांडायची, असं तिनं ठरवलं होतं. मी बाहेर गेल्यावर तिनं माझी मागणी मांडली. पुढाऱ्यांनाही ती आवडली नव्हती. एका चेकरसाठी कशाला, असं ते म्हणाले.

"बिडी मोडायचा, ते तर त्यानं त्याच सांजला कबूल केलं," ती म्हणाली.

मला वाटलं माझं ऐकायला चुकलं. मी म्हणालो, मग पुढं दोन दिवस सुपं उपडी होती ती?

"तुज्यासाटी."

चारशे बायका, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाला, सहा देतो, सातवी सोड, नाहीतर सहाही जातील. घराघरांत चुली थांबायला आल्या होत्या. "मी सोडला," पोचक्का म्हणाली. "तू घरी आलास तवा कुटल्या तोंडानं सांगू? चोर न्हाई म्हनले असते तर तू इचारला असतास, मग आणला का न्हाई परत."

मी आयुष्यभर भाव करत आलो. कुठल्या सौद्यात काय सोडायचं असतं ते मला कुणी शिकवायला नको. तिच्या जागी मी असतो तर सातवी गाठ पहिल्या तासातच सोडून मोकळा झालो असतो, आणि झोपही चांगली लागली असती. मी तिला म्हणालो, अक्का, टेम्पो मी पाहिला होता. दर शनिवारी. ती म्हणाली, ठाव हाय. पाहिलास म्हून तर खोटं बोलताना तुजा कान लाल झाला.

मग मी म्हणालो, आता सोडा की ती गाठ. माझं शेड आहे, तीस बायका आहेत, चांगलं चाललंय. माझा काही राग राहिला नाही. खरं तर मला वाटलं, ती हात पुढं करेल आणि मी नखानं सोडीन.

तिनं हात पदराखाली घेतला. "तुला कामावर घेतला का त्यांनी?"

नाही, मी म्हणालो.

"मग?" ती म्हणाली आणि उठली.

मला चीड आली, नेहमीची, आणि ती येता येताच विरून गेली. बावीस वर्षं मला वाटत होतं की ही तक्रार माझ्या एकट्याची आहे, मी विसरलो तर ती जगात कुणालाच आठवणार नाही, म्हणून मी तिला रोज उठून जपत होतो. आता जपायचं काही कारण उरलं नव्हतं. ती दुसरीकडं बांधलेली होती, माझ्यापेक्षा घट्ट.

मी गाडी काढतो म्हणालो तर नको म्हणाली, मालकाच्या गाडीतून उतरताना बायकांनी बघितलं तर काय म्हणतील? फाटकापर्यंत मी बरोबर गेलो. पूर्व भागात आता ती राहणार नव्हती, पुढच्या आठवड्यात भाचीकडं निजामाबादला जाणार होती, कायमची. हे तिनं अगदी शेवटी सांगितलं, रिक्षाला हात करता करता. परत येणार का, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. तेवढ्यात रिक्षा थांबली. रिक्षावाला पोरगा होता, घाईत होता, एकट्या सवारीला पूर्व भागापर्यंत जमणार नाही म्हणाला आणि भलताच आकडा सांगितला. मी पुढं होऊन त्याला सुनावणार होतो. पोचक्कानं मला हातानं मागं सारलं, रिक्षाच्या दांड्याला धरून उभी राहिली आणि त्याच्या पायाशी ठेवलेल्या बाटलीकडं बघून म्हणाली, "पाणी दे की, बाळा."

पोरगा गडबडला आणि त्यानं बाटली उचलून तिच्या हातात दिली.

मी फाटकाला टेकून उभा राहिलो. तिला कुठलीच घाई नव्हती. मान मागं टाकून, बाटली उंच धरून, ती सावकाश पाणी पीत होती.